लेबलवरचे चारशे वॅट

"बेरीज बरोबर आहे तुमची, मॅडम. पण हा एसएमपीएस मी तुम्हाला देणार नाही."

प्रफुल्ल उमाळेनं माझा कागद काउंटरवर सरळ केला आणि माझ्याकडे वळवून ठेवला. मे महिन्यातली दुपार होती. अकोल्यात त्या दिवसांत दुकानदार दुपारी अर्धं शटर ओढून घेतात, तसं त्यानंही घेतलं होतं. आत कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, भिंतीला लागून पोटं उघडी टाकून पडलेले कॉम्प्युटर. आणि काउंटरच्या अलीकडे मी, एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून दोनच महिन्यांपूर्वी निवृत्त झालेली खोडके मॅडम.

"बेरीज बरोबर असेल तर मग राहिलं काय?" मी विचारलं.

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या कोपऱ्यात बसणारी लोखंडी पेटी. घरातली वीज ती आत घेते आणि कॉम्प्युटरच्या भागांना झेपेल अशी करून वाटते. मला गेमिंगचा कॉम्प्युटर बांधून घ्यायचा होता आणि त्यासाठी मी आठवडाभर वाचून कागद तयार केला होता. प्रोसेसर पंच्याण्णव वॅट, ग्राफिक्स कार्ड दीडशे, बोर्ड, पंखे, डिस्क वगैरे पंचेचाळीस. एकूण दोनशे नव्वद. चारशे वॅटची पेटी घेतली तर एकशे दहा वॅट शिल्लक. तो मात्र साडेपाचशेची, त्यातही चांगल्या बनावटीची, घ्या म्हणत होता. दोन्हींच्या किमतीतला फरक मला जड नव्हता. पण मी केलेल्या गणिताला कुणी नाही म्हणावं, हे मला पचत नव्हतं.

"कागदावर पुरतो न, मॅडम," तो म्हणाला. "पण हे कार्ड एकसारखं दीडशे ओढत नाही. खेळताना मध्येच झटका मारते. एका क्षणापुरतं पार दुप्पट घेते. अन् हा आपल्याकडचा उन्हाळा. कंपनीनं चारशेचं लेबल लावलं तिथं थंडगार खोली असते. तुमच्या घरात दुपारी किती असते?"

"हे तू कशावरून सांगतोस?"

"मी मोजलं आहे."

"कुठे लिहून ठेवलं आहेस? दाखव."

तो माझ्याकडे बघत राहिला. चाळिशीकडे झुकलेला, बारीक अंगाचा माणूस, शर्टाच्या खिशात दोन स्क्रू-ड्रायव्हर. मग नजर काढून घेत म्हणाला, "लिहिलेलं नाही जी."

"मग ते मोजणं नाही. तो अंदाज झाला."

हे मी वर्गातल्या आवाजात म्हणाले. तो आवाज निवृत्तीबरोबर जात नाही. त्याच्या बोलण्यावरून, 'मॅडम' म्हणण्याच्या पद्धतीवरून तो माझा विद्यार्थी असणार हे कळलं होतं. अर्ध्या अकोल्याला मी शिकवलं आहे. बॅच कुठली, विचारलं. पंच्याण्णवची दहावी, म्हणाला. चेहरा आठवला नाही आणि मीही फार ताण दिला नाही.

त्यानं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "बाकी काहीही घेऊन जा, मॅडम. पण हे कार्ड आणि हा सप्लाय एकत्र माझ्या हातून जाणार नाही."

मी काहीच घेतलं नाही. अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर आले.

साठीला टेकलेल्या बाईला गेमिंगचा कॉम्प्युटर कशाला, हे पुण्याच्या माझ्या भावानंही फोनवर हसत हसत विचारलं होतं. मला विमान चालवायचं होतं. माझे वडील कृषी विद्यापीठात नोकरीला होते आणि शिवणीची धावपट्टी आमच्या क्वार्टरपासून जवळ होती. चार-सहा महिन्यांतून एखादं छोटं विमान तिथं उतरायचं. आम्ही मुलं तारेच्या कुंपणाला नाक लावून उभी राहायचो. पुढे मी लग्न केलं नाही, अकोला सोडलं नाही. फळ्यावर विमानाच्या पंखाची आकृती काढून हवा त्याला कशी उचलते हे एकतीस वर्षं शिकवत राहिले. प्रत्यक्षात विमानात बसले एकदाच, दिल्लीला एका प्रशिक्षणाला जाताना, आणि तेही मधल्या सीटवर.

विमान चालवण्याचा हुबेहूब अनुभव देणारे खेळ असतात, हे मला निवृत्तीच्या निरोप समारंभात एका मुलीनं सांगितलं. त्यात अख्ख्या जगाचा नकाशा असतो, खरे विमानतळ असतात, वारासुद्धा असतो. फक्त त्याला ताकदवान यंत्र लागतं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी एका मोठ्या, एसी लावलेल्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं माझा कागद पाहिला, मान डोलावली, म्हणाला, मॅडम, तुमच्यासारखं गिऱ्हाईक असेल तर आम्हाला कामच नाही. मला बरं वाटलं. चारशे वॅटची पेटी घालून यंत्र तयार झालं आणि संध्याकाळी माझ्या गोरक्षण रोडच्या फ्लॅटमध्ये टेबलावर येऊन बसलं.

पहिल्या सकाळी मी शिवणीवरून उडाले. धावपट्टी मागे पडली, नाक वर उचललं गेलं आणि खाली शेतांचे चौकोन दिसायला लागले. मी मोठ्यानं बोलत होते म्हणे; खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नंतर विचारलं, पाहुणे आले होते का. सव्वीस मिनिटांनी मी बडनेऱ्याच्या अलीकडे, पंधराशे मीटर उंचीवर होते, आणि पडदा काळा झाला. पंखे थांबले. चारपाच सेकंदांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालं, जसं काही घडलंच नाही.

दुपारी पुन्हा उडाले. नऊ मिनिटांत तेच.

दुकानात फोन केला. ते म्हणाले, सॉफ्टवेअर पुन्हा टाकून घ्या. टाकून घेतलं. मग म्हणाले, तुमच्या भागात व्होल्टेज खालीवर होत असेल, स्टॅबिलायझर बसवा. बसवला. मग म्हणाले, कार्डातच दोष असेल, कंपनीकडे पाठवू, दीड महिना लागेल. तोवर मी एक वही घातली होती. सवयच ती. प्रत्येक उड्डाणाची तारीख, वेळ, खोलीतलं तापमान, विमान कुठे होतं आणि किती मिनिटांनी बंद पडलं. खोली एकतीस अंश, सव्वीस मिनिटं. खोली एकोणचाळीस, नऊ मिनिटं. मोकळ्या रानावरून उडताना बराच वेळ टिकायचं. नागपुरावर आलं, ढगात शिरलं की लगेच जायचं.

आता ती वही वाचताना मला हसू येतं. उत्तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. उष्णता वाढली की वेळ कमी, काम वाढलं की वेळ कमी. नववीतल्या पोरानंही सांगितलं असतं की पुरवठा कमी पडतो आहे. मला ते दहा दिवस दिसलं नाही, कारण ते दिसलं असतं तर त्या अर्ध्या शटरखालून पुन्हा वाकून आत जावं लागलं असतं.

अकराव्या दिवशी सकाळी जळका वास आला. तारा वितळताना येतो तसा. मी प्लग ओढून काढला. मग यंत्र चादरीत गुंडाळलं, रिक्षा बोलावली आणि टिळक रोडच्या त्या गल्लीचा पत्ता सांगितला.

प्रफुल्लनं मला पाहिलं, यंत्र उचलून आत घेतलं, मला कूलरसमोरची खुर्ची दिली, पाणी दिलं. डबा उघडून एसएमपीएस बाहेर काढला आणि त्याच्या बाजूवरचा स्टिकर माझ्यापुढे धरला.

"मॅडम, हे मोठ्या अक्षरातलं चारशे तुम्ही वाचलं. त्याखालचा हा बारीक तक्ता वाचा."

मी चष्मा सारखा केला. तक्त्यात वेगवेगळ्या व्होल्टच्या ओळी होत्या आणि प्रत्येकीपुढे अँपिअर. त्यानं बारा व्होल्टच्या ओळीवर बोट ठेवलं. पुढे वीस लिहिलं होतं. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच ओळीवरून वीज घेतात, तो म्हणाला. बाकीचे एकशे साठ वॅट ज्या ओळींवर आहेत त्यांना आजकालच्या यंत्रात फारसं कुणी विचारत नाही. माझ्या दोघांचीच बेरीज दोनशे पंचेचाळीस होती. म्हणजे झटका नसता, उन्हाळा नसता, तरी दोघं पुऱ्या कामाला लागले की ती पेटी कमीच पडणार होती.

व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. हे मी किती हजार मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. आणि स्वतः मात्र लेबलवरचं मोठं चारशे वाचून मोकळी झाले होते.

"वही आणली आहे," मी म्हणाले आणि पिशवीतून काढून त्याला दिली.

त्यानं ती सावकाश वाचली. एकेका ओळीखालून बोट सरकवत. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. सतरा तारीख, सकाळची वेळ, खोली तीसच अंश, विमान साध्या रानावर, आणि तरी चारच मिनिटांत बंद.

"हे काऊन ठेवलं, मॅडम? बाकीच्यांत बसत नाही हे."

"आलं ते लिहिलं."

तो उठला, पेटीच्या चार स्क्रूंवर हात चालवला आणि ती उघडली. आत बोटाच्या पेराएवढ्या उभ्या नळकांड्या असतात, कपॅसिटर म्हणतात त्यांना. दोघींची डोकी फुगून वर आली होती आणि एकीतून तपकिरी द्रव गळून वाळला होता. "सतरा तारखेला हिनं मान टाकली," तो म्हणाला. "म्हणून चार मिनिटं. तुमचं ते रीडिंग सगळ्यात खरं आहे. तेच खोडलं असतं तर काही कळलं नसतं."

मग तो साडेपाचशेची नवीन पेटी खोक्यातून काढून बसवायला लागला. काम करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझी पण अशीच एक वही होती, मॅडम. दहावीची. ओहमचा नियम."

तो प्रयोग ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडायची, व्होल्ट वाढवत जायचे, अँपिअर मोजायचे आणि आलेख काढायचा. सरळ रेषा येते.

"सरळ रेषा येते त्यात," मी म्हणाले.

"सगळ्यांची आली. माझी वाकली. मी पाच वेळा रीडिंग घेतलं, पाचही वेळा वाकली. मग तीच काढली वहीत."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. एक आलेख आठवला. पेन्सिलनं काढलेला, आधी चढणारा आणि मग हळूहळू झुकणारा. त्याच्यावर लाल शाईची तिरपी रेघ. ती माझी. त्या काळात जवळजवळ अख्ख्या वर्गाच्या वह्या आदल्या वर्षीच्या वह्यांवरून उतरवलेल्या असायच्या, हे मला ठाऊक होतं. रेषा सरळ असली की मी मार्क देऊन मोकळी व्हायचे. याची एकट्याचीच वाकडी, म्हणजे यानं आकडे मनानं लिहिले, आणि तेही धड जमले नाहीत, असं मी धरून चालले होते.

"तुझ्या टेबलावर काय होतं?" मी विचारलं. "वेटोळंच होतं ना?"

"लॅबमध्ये वेटोळं एकच होतं, ते आदल्या वर्षीच जळलं होतं. काकांनी त्याच्या जागी सगळ्यांनाच टॉर्चचा बल्ब लावून दिला. म्हणाले, काम भागव."

भौतिकशास्त्राच्या माणसाला याच्या पुढे काही सांगावं लागत नाही. बल्बमधली तार वीज वाढली की तापते, तापली की तिचा रोध वाढतो, आणि रोध वाढला की रेषा झुकते. झुकायलाच हवी. वर्गाच्या त्या चाळीस वह्यांत एकच आलेख बरोबर होता.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस मला?"

"सांगायला लागलो होतो जी. तुम्ही म्हणाल्या, बाहेर उभा राहा."

त्यानं एक स्क्रू पूर्ण घट्ट केला, मग पुढचा घेतला. बाकीचं त्यानं तुटक तुटक सांगितलं, बहुतेक यंत्राकडे बघूनच. मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावलं होतं. ते एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते, पाळी बदलून आले होते. मी त्यांना म्हणाले होते की मुलगा हुशार आहे, पण खोटे आकडे लिहितो, आत्ताच आवरा. वडिलांनी घरी जाऊन मारलं-बिरलं नाही. फक्त निकाल लागल्यावर, त्याला चांगले मार्क असूनही, सायन्सला घालायचं नाही म्हणाले. खोटं लिहिणाऱ्या पोरानं पुढे जाऊन मोठं खोटं लिहू नये. त्यापेक्षा आयटीआय कर, हातानं काम कर.

"आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला बल्बचा आलेख शिकवला," तो म्हणाला. "अगदी माझाच. त्या दिवशी सायकलवर घरी जाताना एकटाच हसत होतो."

"मग वडिलांना दाखवलास?"

"नाही. ते म्हणाले असते, मॅडमपेक्षा जास्त कळते का तुला."

"आहेत का ते?"

"आहेत न. माझ्याजवळच आहेत. चांगले आहेत माझ्याशी, मॅडम, तसं काही नाही. फक्त मी काही सांगितलं की ते बाहेर जाऊन दुसऱ्या कोणाला तरी विचारून येतात."

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, पंप कोरडा वाजत होता. तो उठून बादलीभर पाणी ओतून आला. तेवढ्या वेळात मला जे म्हणायचं होतं ते जुळवलं, पण तो समोर बसल्यावर त्यातलं एकच वाक्य आलं.

"प्रफुल्ल, चूक माझी होती. तुझं बरोबर होतं."

"हो जी," तो म्हणाला. मग बटण दाबलं.

यंत्र सुरू झालं. त्यानं त्याला मुद्दाम जड काम दिलं आणि वायरीवर चिमटा लावायचं मीटर धरलं. आकडे उड्या मारत होते. दोनशे साठ, दोनशे ऐंशी, मध्येच तीनशे चाळीस, पुन्हा खाली. त्यानं सांगितलेला झटका तो हाच. अर्धा तास आम्ही तसेच बसलो. बाहेर चव्वेचाळीस अंश होतं आणि पडदा एकदाही काळा झाला नाही. पेटीच्या मागे हात धरला तर हवा कोमट येत होती, बस.

निघताना मी विचारलं की रविवारी तुझे वडील घरी असतात का. तो लगेच म्हणाला, "राहू द्या, मॅडम. बावीस वर्षं झाली. ते विसरले असतील."

"तू विसरलास?"

त्यानं यंत्र रिक्षात ठेवायला उचललं, आणि मला पत्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवणीवरून उडून रेल्वेच्या रुळांवरून नागपूरला गेले. मूर्तिजापूर, बडनेरा, वर्धा. खाली उतरवताना विमान तीनदा उसळलं, एकदा धावपट्टीवरून घसरून गवतात गेलं, पण उतरलं. असा आनंद मला फार वर्षांत झाला नव्हता, आणि तो पुरता दहा मिनिटंही टिकला नाही. तीन दिवसांवर रविवार होता. वर्गात उभं राहायला मी कधी घाबरले नाही. त्या तीन दिवसांत मी काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहत होते.

मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात त्यांचं घर होतं. मी स्कूटी लावली तेव्हा नामदेवराव उमाळे ओसरीत खाटेवर बसून चाळणीतलं धान्य निवडत होते. शहात्तर वर्षांचे, ताठ, जाड काचांचा चष्मा. प्रफुल्लनं 'खोडके मॅडम' एवढंच सांगितलं आणि दाराला टेकून उभा राहिला. त्याची बायको कल्पना पाणी घेऊन आली. म्हातारे उठायला लागले, मी बसा म्हटलं.

"बावीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला शाळेत बोलावलं होतं," मी म्हणाले. "तुमचा मुलगा खोटे आकडे लिहितो, असं सांगितलं होतं."

"हो," ते म्हणाले. त्यांना विचार करावा लागला नाही.

"ते खरं नव्हतं. त्यानं जे मोजलं ते लिहिलं होतं. त्या वर्षी टेबलावर वेगळी वस्तू होती, तिचं उत्तर वेगळंच यायला हवं होतं, आणि ते त्याचं बरोबर आलं होतं. मी पाहिलं नाही, विचारलं नाही. वर्गात खरं लिहिणारा तो एकटाच होता. बाकीच्या एकोणचाळीस जणांनी खोटं लिहिलं आणि त्यांना मी मार्क दिले."

म्हाताऱ्यांचा हात धान्यात तसाच राहिला. मग त्यांनी मुलाकडे मान वळवली.

"तू काऊन नाही सांगितलं मले?"

"सांगितलं होतं, बाबा," प्रफुल्ल म्हणाला. "त्याच दिवशी. घरी आल्यावर."

 नामदेवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"हो," ते म्हणाले. "सांगितलं व्हतं. बल्बाचं काईतरी बोलत व्हता हा. मीच म्हटलं, चूप बस."

मी माझ्या बाजूनं आणखी काही बोलायच्या तयारीत होते. माफी मागायची होती, तीही नीट शब्दांत ठरवून आणली होती. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मॅडम, एवढ्या उन्हात तुमी हे सांगायले आल्या?"

"हो."

"मंग जेवून जा. रस केला हाय."

आम्ही आत जमिनीवर बसून जेवलो. आंब्याचा रस, पोळ्या, कुरडया.  मला वाटलं, इतकंच होणार, आणि इतकं झालं तेही पुष्कळ. कल्पना मला आग्रह करत होती. म्हातारे मान खाली घालून जेवत होते. मग एकदम, ताटावरून नजर न उचलता, त्यांनी विचारलं,

"प्रफुल्ल, आपली पाण्याची मोटर गुणगुणते पण फिरत नाई. काय झालं असंल तिले?"

"कपॅसिटर गेला तिचा. बाकी मोटर चांगली आहे."

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण कल्पनाचा वाढता हात थांबला होता आणि ती सासऱ्यांकडे बघत होती. ती मोटर तीन दिवसांपासून बंद होती, हे मला तिनं नंतर सांगितलं. प्रफुल्लनं हेच उत्तर पहिल्याच दिवशी दिलं होतं. म्हातारे तेव्हापासून गल्लीतल्या दोघांना आणि चौकातल्या वाइंडिंगवाल्याला विचारून आले होते, आणि चौथ्याकडे त्या संध्याकाळी जायचं होतं.

नामदेवरावांनी घास गिळला, पाणी प्यायले.

"मंग बदलून टाक," ते म्हणाले, आणि रसासाठी वाटी पुढे केली.